येनाच्या झाडावरच्या किड्याची व्याख्या

किडा या शब्दाची व्याख्या मी दोनदा केली. एकदा जगात कुणाचीच मायबोली नसलेल्या एका भाषेत, आणि एकदा मराठीत, पिवळ्या कागदाच्या पत्रकावर. पहिली व्याख्या टपालाने समुद्रापार गेली आणि तिने कुणाचं काही बिघडवलं नाही. दुसरीने एका बाईचं वर्षाचं पीक मारलं. दोन वर्षं झाली. राग उतरत नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

माझे बाबा भंडाऱ्यातल्या एका लहानशा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. घरात वही कधी विकत आली नाही. छापताना बिघडलेली पत्रकं बाबा गठ्ठ्याने घरी आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहायचे. पुढच्या बाजूला कुणाची सभा, कुणाचा मोर्चा, विडी वळणाऱ्या बायांच्या मागण्या. पाढ्यांबरोबर मागण्याही पाठ झाल्या. 'निषेध' हा शब्द मला 'नमस्कार'च्या आधी लिहिता आला. गोष्ट नीट शब्दांत मांडली की अर्धी जिंकली, असं मी त्या पत्रकांवरून शिकले. बाबांनी हे कधी मानलं नाही. ते म्हणायचे, "खिळे उलटे असतेत पोरी. वाचणाऱ्याले सुलटं दिसते. उलटं काय होतं ते जुळवणाऱ्यालेच माहीत."

कॉलेजात पहिल्याच महिन्यात मी मराठीच्या तासाला उभी राहिले आणि म्हणाले, "सर, मले हे समजून नाही राहिलं." वर्ग हसला. वर्गातली निम्मी मुलं घरी असंच बोलणारी, तीही हसली. सर पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले. ते हसले नाहीत, समजावल्यासारखं म्हणाले, "मला समजत नाही, असं म्हणावं. बाजारात चालतं ते वर्गात आणू नये." मी खाली बसले. त्यानंतर वर्गात बोलायचं झालं की आधी मनात वाक्य धुऊन घ्यायचे, आणि धुऊन होईपर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असायची.

म्हणून ती भाषा मला आवडली. लोझबान तिचं नाव. वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात पत्रमैत्रीचं पान असे, तिथून मी एक पत्ता उतरवला आणि पत्र टाकलं. दोन महिन्यांनी झेरॉक्स केलेल्या कागदांचं जाड पाकीट आलं. अमेरिकेतल्या काही हौशी माणसांनी ही भाषा तर्काने बांधायला घेतली होती. व्याकरणाला अपवाद नाहीत, शुद्ध-अशुद्ध नाही, कारण ती कुणाच्याच आईने बोललेली नाही. तिच्यात मला कुणी हसू शकणार नव्हतं. मी ते कागद उशाशी घेऊन झोपायचे.

त्या भाषेतला शब्द एकटा येत नाही, मागे रिकाम्या जागा घेऊन येतो. 'सिल्का' म्हणजे रेशीम, पण नुसतं रेशीम नाही. हे रेशीम, आणि ते तयार करणारा अमुक. दोन जागा. 'शिन्की' म्हणजे किडा. पहिल्या जागी तो किडा, दुसऱ्या जागी त्याची जात. संपलं. पाकिटात एक विनंतीही होती: आपापल्या भागातल्या प्राण्यांचे शब्द कसे करावेत, त्यांच्या व्याख्या काय असाव्यात, ते वाचकांनी कळवावं. मी किडे घेतले. धानाच्या मुलखात किड्यांना काय तोटा.

पोळा झाल्यावर कॉलेजचं दहा दिवसांचं शिबिर लागलं, एकोडीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात. मुक्काम शाळेत. त्या वर्षी धानावर गाद पडली होती. गादीची माशी डासाएवढी, पण तिची अळी रोपाच्या पोटात शिरते आणि लोंबीच्या जागी नुसता पांढरा पोकळ पोंगा वर येतो. पोंगा आला की त्या फुटव्याला दाणा नाही. सरकारातून पाठीवरचे पंप आणि औषध मिळालं होतं. शिबिराने ते गावभर फवारायचं होतं. शिबिराचे प्रमुख तेच मराठीचे सर. त्यांना माहीत होतं की मी छापखान्यातली पोर आहे, म्हणून निघण्याआधीच त्यांनी मला सांगितलं, "एक पत्रक लिही. जोरकस हवं."

मी लिहिलं. बाबांनी जुळवलं. शीर्षक होतं 'कीड हाच वैरी'. त्यात मी लिहिलं की किडा लहान असो, मोठा असो, पानावरचा असो की खोडातला, तो शेतकऱ्याच्या ताटातला घास पळवतो. आणि एक वाक्य असं: 'धुऱ्यावरची झाडंही सोडू नका, कीड तिथेच दबा धरून बसते.' धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. हे वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्या पुस्तकात नव्हतं. परिच्छेदाला शेवटी ठोका हवा होता, म्हणून मी तो दिला. सर खूश झाले. म्हणाले, "आता कशी स्वच्छ भाषा झाली." मलाही बरं वाटलं होतं. 

गावात तळ्याच्या खालच्या अंगाला ढिवरांची, मासे धरणाऱ्यांची, टोली होती. तिथली एक मावशी शिबिराला मासे आणून द्यायची. पन्नाशीची असेल, आवाज मोठा, बोलताना हात मोकळे सोडायची. दुपारी मी तिच्या ओट्यावर कागद घेऊन बसायचे.

"कायले लिहून राहिली व, किड्यायचे नावं?"

"अमेरिकेत पाठवायचे आहेत."

"त्यायच्याकडे नाहीत का किडे?"

"आहेत, पण आपले वेगळे."

"मंग नाव कायले पाठवते, किडेच पाठव ना पाकिटात," असं म्हणून ती इतकी हसली की शेजारची बाई बाहेर येऊन बघून गेली.

पण सांगायला लागली की थांबत नसे. लोझबानच्या कागदांत झुरळ, टोळ आणि उधई, म्हणजे वाळवी, या तिघांना मिळून एकच शब्द होता. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी थट्टा करते आहे. "उधई अन् टोळ? एक घर खाते, एक शेत खाते. एक चालते, एक उडते. कोन म्हंते एक?" तिच्या बोलण्यात कुठल्याही किड्याची नुसती जात येतच नसे. गाद म्हणजे जी धानाच्या पोटात घर करते. मुंगळा म्हणजे जो पावसाच्या आधी अंडी उचलतो. कशावर, केव्हा, कुणाचं काय करतो, हे सोडून तिला नाव सांगता येत नव्हतं. आणि माझ्या कागदावर जागा दोनच. मी समासात बारीक अक्षरात लिहू लागले.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "चाल, एक दाखवतो. मंग लिही काय लिहायचं ते."

गावाबाहेर बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या खाचरांच्या, धुऱ्यावर येनाची, म्हणजे ऐनाची, झाडं होती. पंधरा-वीस असतील, छाटून बुटकी ठेवलेली. खाली तिचा नवरा गुलेर घेऊन बसला होता, पाखरं हाकत. मावशीने मला चपला लांबच काढायला लावल्या. झाडाजवळ गेले तरी मला आधी काहीच दिसलं नाही. मग एक पान हललं आणि ते पान नव्हतं. बोटाएवढी जाड हिरवी अळी होती, अंगावर चकाकणारे ठिपके, शांतपणे पानाची कड खात होती. मग दुसरी दिसली. मग सगळं झाडच खाताना दिसलं.

"बापरे, किती किडे," मी म्हणाले.

मावशीने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या हाताला मासळीचा वास होता. "किडा नोको म्हणू इथं. लेकरं म्हण. अन् किती, ते तर म्हणूच नोको."

हे कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, पीक होतं. घरात अंडी फुटू देऊन, मुंगीएवढी पिल्लं हातांनी झाडावर सोडायची आणि महिना-दीड महिना ऊन-पाऊस खात राखायची. चार वेळा ती झोपतात, चार वेळा कात टाकतात. चौथी झोप झाली होती. आता आठ-दहा दिवसांत कोसा बसणार होता, आणि दिवाळीच्या आधी आंधळगावचा विणकर येऊन तो घेऊन जाणार होता. या घराचं वर्ष त्याच्यावर चाले. तळ्यातले मासे तर ठेकेदाराचे. लेकरं झाडावर असेपर्यंत घरात केसाला तेल नाही, हळद नाही, कुणी केस कापायचे नाहीत. आणि कोणत्या झाडावर ती आहेत हे कुणाला सांगायचं नाही. विचारलं तर 'काही नाही' म्हणायचं. सांगितलं की नजर लागते.

"तू पण नोको सांगू. सांगशील का?"

"नाही सांगणार," मी म्हणाले. मनात मात्र म्हणाले, अंधश्रद्धा. तीन पत्रकांचा मजकूर तिथल्या तिथे मनात तयार झाला. पण शब्द दिला होता.

त्या संध्याकाळी मी लोझबानवाल्यांना पाठवायचं कार्ड लिहिलं. कोशाचा किडा: पहिली जागा किडा, दुसरी जात. मग मी तिसरी जागा काढली, कोणत्या झाडावर. चौथी काढली, कोणाच्या हातचा. मला त्याचा अभिमान वाटला. माझंच पिवळं पत्रक त्याच दप्तरात होतं, आणि मला एकदाही ते काढून शेजारी ठेवून वाचावंसं वाटलं नाही.

दोन दिवसांनी फवारणीची तुकडी त्या बाजूला गेली. मीही तिच्यात होते, पत्रकं वाटायला. बांध्या फवारून झाल्या. सरांनी धुऱ्याकडे बघितलं. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं. "झाडंही घ्यायची आहेत," ते म्हणाले, "आपणच लिहिलंय." मावशीचा नवरा झाडाखाली उठून उभा राहिला. मावशी बाजूच्या धुऱ्यावरून येत होती.

"बाबा, या झाडांवर काही आहे का?" सरांनी विचारलं.

"काही नाही जी," तो म्हणाला.

मला कळलं तो असं का म्हणाला. त्या क्षणी तिथे उभ्या असलेल्या परक्या माणसांत ते फक्त मला कळलं. सर म्हणाले, "मग झालं तर," आणि पंप मारणाऱ्या मुलाला खूण केली.

मी बोलले नाही. मी शब्द दिला होता, हे कारण मी वर्षभर स्वतःला सांगितलं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. माझ्या घशात वाक्य आलं होतं, 'सर, मारू नका, लेकरं हायेत वर.' ते जसं आलं तसं मला सोडता आलं नाही. मी ते धुवायला घेतलं. 'सर, या झाडांवर रेशमाचे' इथपर्यंत मनात आले तोवर पहिल्या झाडावर फवारा बसला होता. म्हातारा "थांबा जी, थांबा जी" म्हणत आडवा गेला. सर त्याला म्हणाले, "काहीच नाही म्हणता ना? मग भीती कशाची? देव वगैरे आहे का झाडात?" मुलं हसली. दुसरं झाड. तिसरं.

तेव्हा मावशी पोचली. ती धावली नव्हती. तिने पंपाची नळी हाताने धरली आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "किडे आहेत जी वर. आमचे किडे आहेत. सगळ्या झाडावर आहेत."

तो शब्द तिने सरांसाठी उच्चारला. त्यांना दुसरा समजला नसता.

सर ओशाळले, नाही असं नाही. "आधी सांगायचं ना," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बघ, हे असं असतं. माहितीच देत नाहीत." पंप बंद झाला. तीनच झाडं झाली होती. पण वारा होता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळ्याच झाडांखाली अळ्या पडायला लागल्या. हिरव्या होत्या त्या काळ्या पडून, तोंडातून पाणी गळत. काही नुसत्या एका पायावर लटकून राहिल्या. मावशी सुपात वेचत होती. मी वेचायला वाकले तर तिने सूप माझ्याकडे सरकवलं फक्त. तेच सहन होत नव्हतं. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला त्यांचं उत्तर माहीत होतं, मी मोर्चे-निषेधांच्या पत्रकांवरच वाढले होते.

"मावशी, ते पत्रक माझं होतं," मी म्हणाले.

"माहीत आहे. वाचून दाखोलं पोरानं." ती वेचतच राहिली. जराशाने म्हणाली, "मी म्हनलं ना, किडे. मीच म्हनलं. म्हनून बाकीचेबी गेले."

मी तिला सांगितलं की असं नसतं, औषधाने गेले, वाऱ्याने गेले. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं की मी पुन्हा व्याख्या सांगते आहे. मी पुन्हा वेचू लागले. दुपारी तिच्या नवऱ्याने ते सूप तळ्यावर नेलं. त्या वर्षी आंधळगावचा विणकर आला तेव्हा ती घरी नव्हती. दिवाळीआधीच दोघंही धान कापायला दुसऱ्या गावी गेली होती.

शिबिराच्या समारोपाला सरांनी अहवाल वाचला. त्यात 'धुऱ्यावरील वृक्षही कीडमुक्त करण्यात आले' असं वाक्य होतं. मी उठून म्हणाले, "हे खोटं आहे." तेवढेच तीन शब्द, आणि धुतलेले. सर म्हणाले, भावनेच्या भरात बोलू नये. अहवाल छापायला आमच्याच छापखान्यात आला. मी बाबांना सांगितलं, ते वाक्य जुळवू नका. बाबा म्हणाले, "मालक माझं पोट जुळवते पोरी," आणि जुळवलं. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही आठ दिवस जेवताना मान वर केली नाही.

लोझबानवाल्यांचं उत्तर हिवाळ्यात आलं. फार सभ्य पत्र होतं. माझी कार्डं त्यांना आवडली होती. मात्र कोशाच्या किड्याच्या व्याख्येतल्या तिसऱ्या आणि चौथ्या जागा काढाव्यात असं त्यांनी सुचवलं होतं. कुणी तो पाळो न पाळो, किडा किडाच राहतो. त्याला कुणी वाढवलं हे वेगळ्या वाक्यात सांगता येईल. तर्काने त्यात खोट नव्हती. मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि कुठे चूक आहे ते मला सापडलं नाही, याचाच जास्त संताप आला. धुऱ्यावर उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना हेच तर वाटत होतं, किडा किडाच. वेगळं वाक्य सांगायला कुणाला उसंत होती? मी त्यांना गादीचं कार्ड पाठवलं, टोळाचं पाठवलं, उधईला वेगळा शब्द द्या म्हणून दोन पानं भांडले. कोशाचं कार्ड मागे घेतलं. त्यांच्या यादीत तो शब्द माझ्याकडून जाणार नाही.

पुढच्या पावसाळ्यात कळलं की मावशीने कुणाकडून तरी बियाण्याचे कोसे मिळवले आणि पुन्हा झाडं धरली. त्याच भागात पुन्हा फवारणी ठरली होती, आता गावातलीच माणसं करणार होती. मी एक पत्रक लिहिलं, पहिल्यांदा आमच्या बोलीत. एकच ओळ: 'धुऱ्यावरच्या कोन्या झाडाले औषध लावू नोका.' बाबांनी वाचून चष्मा वर केला.

"काहून नाही लावायचं, ते कुठी आहे?"

"ते लिहायचं नाही."

"कारण नाही अन् पत्रक? असं पत्रक म्या जन्मात नाही जुळवलं." जुळवलं मात्र त्यांनीच, मालक जेवायला गेल्यावर, आणि मोठ्या टायपात.

पत्रक घेऊन मी गावात गेले. मावशीने ते नातवाकडून वाचून घेतलं. "कोनत्या झाडावर आहेत, ते त नाही ना लिहिलं?"

"नाही."

"काय आहे, ते?"

"तेही नाही."

"मंग ठीक आहे," ती म्हणाली. तेल नसलेले तिचे केस वाऱ्याने उडत होते. 

फवारणीच्या दिवशी मी सकाळपासून धुऱ्यावर जाऊन उभी राहिले, चपला लांब काढून. पंप घेतलेली दोन माणसं बांधीतून वर आली. एकाच्या खिशात माझं पत्रक घडी करून होतं. त्याने झाडांकडे बघितलं, माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं.

"काहून नाही मारायचं बाई? काय आहे वर?"

मी आयुष्यभर कारणं मागितली आहेत. कारण न देणाऱ्या माणसाला मी चारचौघांत उभं करून विचारलं आहे.

"काही नाही जी," मी म्हणाले, आणि तिथून हलले नाही.